द्राक्षबागेतली सीडी

ज्या वर्षी सरकारनं जाहीर केलं की इथून पुढं कुठलाही व्हिडिओ कोर्टात पुरावा म्हणून चालणार नाही, त्या वर्षी तासगावच्या बाजूला द्राक्षबागांत माणसं शिड्या घेऊन हिंडू लागली. द्राक्षं तोडायला नव्हे, सीड्या तोडायला.

पूर्वी बागायतदार जुन्या सीड्या दोरीनं मांडवाला टांगायचे. ऊन पडलं की त्या चमकायच्या, वाऱ्यावर गिरक्या घ्यायच्या आणि पाखरं घडांपासून लांब राहायची. निदान सुरुवातीला तरी. पुढं बागांवर जाळ्या आल्या, पाखरं हाकलणारे ड्रोन आले, आणि सीड्या कुठं मांडवाला, कुठं शेडच्या कोपऱ्यात तशाच राहून गेल्या. आता त्याच सीड्यांसाठी लोक एकमेकांच्या बांधावर भांडत होते.

कारण सरळ होतं. कुणाचाही चेहरा, कुणाचाही आवाज घेऊन हवा तो प्रसंग उभा करणारी यंत्रं घरोघरी झाली होती. चहाला उकळी येईपर्यंत तुमच्या मेलेल्या आजोबांनी तुमच्या चुलत्याला जमीन देऊन टाकल्याचा व्हिडिओ तयार. कोर्टं असल्या आजोबांनी भरून गेली, तेव्हा हा कायदा आला. त्यात अपवाद एकच ठेवला होता. चित्रण एकदाच लिहिता येणाऱ्या जुन्या माध्यमावर असेल आणि त्या माध्यमाचं वय प्रयोगशाळेत सिद्ध होत असेल, तर ते चालेल. आणि असं माध्यम साध्या माणसाच्या घरात एकच सापडण्यासारखं होतं: लग्नाची सीडी.

खरं तर ती डीव्हीडी. पण येळवाडी गावात तिला कुणी डीव्हीडी म्हटलं नाही आणि रत्नमाला कोष्टींनी कधी कुणाला दुरुस्तही केलं नाही. रत्नाक्का आणि त्यांचे यजमान प्रकाश मिळून 'झंकार व्हिडिओ' चालवायचे. प्रकाश शूटिंग करायचे, आणि रत्नाक्का आतल्या खोलीत बसून मिक्सिंग करायच्या, टायटल घालायच्या आणि रायटरवर, म्हणजे सीडी लिहिणाऱ्या यंत्रावर, सीड्या काढायच्या. पंचक्रोशीतलं एकही लग्न त्यांच्या हातातून सुटलं नव्हतं. प्रकाश गेले, धंदाही गेला. पण रायटर आणि जुना कॉम्प्युटर रत्नाक्कांनी ठेवला होता. दर दसऱ्याला तो चालू करायच्या, हळदीकुंकू वाहायच्या आणि पुन्हा झाकून ठेवायच्या.

कायदा आल्यावर त्यांच्या दारात माणसांची रांग लागली. ज्याला त्याला आपल्या लग्नाची, बारशाची, वाटणीच्या बैठकीची मूळ सीडी हवी होती. रत्नाक्का प्रत्येकाला आत नेऊन कपाट उघडून दाखवत. कपाट रिकामं होतं.

"माझ्या पोरानं नेलं सगळं," त्या सांगत. "विचारा त्याला."

पोरगा म्हणजे सुहास. तो पुण्याच्या 'अक्षयस्मृती' कंपनीत होता. जुन्या सीड्या घ्यायच्या, यंत्रानं धुवूनपुसून चकचकीत नवा सिनेमा करून द्यायचा आणि मूळ सीडी मशीनमध्ये घालून तिचा चुरा करायचा, हा त्या कंपनीचा धंदा. आई देवदर्शनाला गेली असताना त्यानं कपाट रिकामं केलं होतं, आणि तेही मोठ्या प्रेमानं. नाहीतरी सीड्या सडणारच आहेत, त्यापेक्षा कायमच्या जपून ठेवू, असं त्याला वाटलं. कायदा यायला तेव्हा अवकाश होता. रत्नाक्का परत आल्या, कपाट पाहिलं आणि त्यांनी सुहासशी मोजकंच बोलायला सुरुवात केली. अजून मोजकंच बोलत होत्या.

एका सकाळी पूनम आली.

पूनमला रत्नाक्का ओळखत होत्या. विक्रांत इनामदाराची ही बायको. बेदाण्याचा व्यापारी, दोन कोल्ड स्टोरेज, अर्धं गाव त्याच्याकडं कामाला. लग्नानंतर काही वर्षांतच त्यानं पूनमला मळ्यातल्या घरात ठेवलं, स्वतः सांगलीला राहायला गेला आणि तिथं दुसरा संसार मांडला. पूनमनं मळ्यातल्या घरात एकटीनं लेक वाढवली. आता लेकीचं लग्न ठरत होतं, आणि नेमकं आताच इनामदारानं कोर्टात दावा लावला होता.

"म्हणतोय, ही बाई बेदाण्याच्या शेडवर कामाला हुती," पूनम म्हणाली. ती उंबऱ्याच्या आतच उभी होती. "कामाला ठेवलेली बाई. लगीन झालंच न्हाई म्हणं. घर रिकामं करून पायजे. आणि आक्का, घराचं सोडा. लेकीच्या सासरच्यांनी इचारलं, बापाचं नाव काय लावायचं? मी काय सांगू?"

लग्नाचा दाखला काढलेला नव्हता. त्या काळी खेड्यात तो कोण काढत होतं? भटजी वारले होते. वऱ्हाडातले निम्मे वर गेले होते आणि उरलेले निम्मे इनामदाराच्या पगारावर होते. रत्नाक्का साक्ष द्यायला तयार होत्या, पण म्हातारीच्या एकट्या शब्दाला कोण विचारतं, असं म्हणून पूनमचा वकील आधीच हसला होता.

"तुझी सीडी?" रत्नाक्कांनी विचारलं.

"त्यानं माझ्यासमोर पायाखाली मोडली. कवाच."

रत्नाक्का उठल्या आणि सवयीनं कपाटाकडं वळल्या. मग थांबल्या. स्वतःच्या पोटच्या पोराचा एवढा राग त्यांना त्याच्या जन्मापासून कधी आला नव्हता.

"दुसरी एक हुती," पूनम खालच्या आवाजात म्हणाली. "सासूबाईंची. मला मळ्यात पाठवलं तवा त्यांनी ती बागेत टांगली, पाखरांसाठी. मी खुडणीला जायची ना, बरोबर माझ्या डोळ्यांसमोर येईल अशी. म्हणायच्या, बघ, तुझं लगीन कामाला तरी आलं."

रत्नाक्कांनी चपला घातल्या.

ती बाग इनामदारानं केव्हाच विकून टाकली होती, कोल्ड स्टोरेजसाठी पैसा लागला तेव्हा. घेणारा बाबू मगदूम हा तोंडाळ पण मनानं मोकळा बागायतदार. त्यानं शेडच्या माळ्यावरून एक पोतं खाली ढकललं. धुळीचा लोट उठला.

"न्या सगळं," तो म्हणाला. "बाग घेतली तवा ह्याबी संगं आल्या. दोन हंगाम टांगल्या मी. पाखरं सीडीवर बसून द्राक्षं खायला लागली, तवा काढून टाकल्या. पण म्हातारीचं काम बघा, आक्का. एक सीडी तडकली न्हाई."

खरंच होतं. इनामदाराची आई भारी काटकसरी. वाऱ्यानं दोरी घासून सीडी भोकापाशी तडकते, म्हणून तिनं प्रत्येक सीडीला दोन्ही बाजूंनी ट्रॅक्टरच्या ट्यूबची छोट्या पुरीएवढी चकती कापून बसवली होती आणि मधून तार ओवली होती. अपमान करायचा तोही टिकाऊ, असा त्या बाईचा खाक्या होता.

भजनाच्या सीड्या, सिनेमाच्या सीड्या, खतकंपनीच्या जाहिरातीच्या सीड्या. पोत्याच्या तळाशी एक सीडी निघाली, तिच्यावर रत्नाक्कांचंच अक्षर होतं, फिकट पण वाचता येण्यासारखं: 'पूनम–विक्रांत, भाग दोन'. भाग एक म्हणजे हळद आणि सीमांतपूजन. भाग दोन म्हणजे लग्न.

पूनमनं ती घेतली आणि पदरानं गोल गोल पुसायला लागली.

"अगं, अशी पुसू नको!" रत्नाक्का ओरडल्या. "आडवी पुसायची, आतनं भाईर. आणि आता तर पुसूच नको. चकत्याबी काढू नको. हाय तशी राहू दे."

मग त्यांनी सीडी उलटी करून उजेडात धरली. खालची बाजू एके काळी जांभळट असायची. आता ती पिंपळाच्या वाळक्या पानासारखी पडली होती.

घरी येऊन त्यांनी कॉम्प्युटर लावला. रायटरचं तोंड उघडेना, तेव्हा बांगडीतली सेफ्टी पिन काढून पुढच्या बारीक भोकात खुपसली आणि कप्पा बाहेर ओढला. चकत्या काढल्याशिवाय सीडी बसणार नव्हती. म्हणून आधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढायला पूनमला लावलं आणि मगच चकत्या सोडवल्या. चकत्यांखालची सीडी नव्यासारखी जांभळट होती. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं.

रत्नाक्कांची या रायटरवर श्रद्धा होती. ज्या रायटरवर काढली त्या रायटरवर सीडी हमखास चालते, असं धंद्यात सगळेच मानत. सीडी फिरली. हिरवा दिवा लागला, विझला, लागला. आतून खरखर आली, मग टकटक, आणि रायटरनं हात टेकले. रत्नाक्कांनी फुंकर मारली, भिंगावरून कापूस फिरवला, देवाचं नाव घेतलं. तीन वेळा तेच झालं. रायटरचा लेसर थकला होता. इतक्या वर्षांत तो फक्त दसऱ्याच्या पूजेचाच राहिला होता.

त्याच आठवड्यात इनामदार स्वतः आला. बाबू मगदुमाच्या तोंडात काही राहत नाही, हे गावात कुणाला नव्यानं सांगायला नको. खुर्चीवर बसून त्यानं पाणी घेतलं, चहा नको म्हणाला.

"आक्का, सुहासच्या कंपनीत माझी ओळख आहे," तो म्हणाला. "त्याला वरची जागा मिळू शकते. जाऊही शकते. तुम्ही ते भंगार कंपनीला देऊन टाका. ते लोक स्वच्छ करतील, सगळ्यांनाच बरं."

"इनामदार, एक सांगा," रत्नाक्का म्हणाल्या. "तुमच्या लग्नात आमच्या ह्यांनी जेवण सोडून शूटिंग केलं. शेवटच्या पंगतीला तुमच्या आईनं त्यांना आग्रह करून करून जिलबी वाढली. आता तुम्ही म्हणता लगीन झालंच न्हाई. मग ती जिलबी कशाची हुती?"

इनामदार उठला. "कोर्ट जिलबी बघत नसतं."

"मग सीडी बघंल," रत्नाक्का म्हणाल्या, आणि तो गाडीत बसेपर्यंत दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सुहास पुण्याहून आला. कंपनीच्या साहेबांनी त्याला बोलावून घेतलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. पण त्यानं धमकीचा विषय काढला नाही. तो दुसरंच बोलला.

"आई, ऐक. तुझ्या कपाटातल्या, या लग्नाच्या मूळ सीडीवरून केलेला सिनेमा कंपनीकडं आहे. या सीडीवर जे काही तुकडे वाचले असतील ते घेऊ. मधलं गळालेलं यंत्र भरून काढेल. अक्षता, मंगळसूत्र, सप्तपदी, सगळं सलग दिसेल. तुकडे जुळताहेत म्हटल्यावर कोर्टही मानेल."

पूनम तिथंच बसली होती. तिचे डोळे लकाकले. "आक्का, सगळं दिसलं तर बरंच न्हाई का?"

"न्हाई," रत्नाक्का म्हणाल्या. "एक घास जरी बाहेरचा मिसळला, तर इनामदाराचा वकील सगळं ताट उष्टं म्हणंल. जळलंय ते जळलेलं दिसू दे. फाटलंय ते फाटलेलं दिसू दे."

"आणि काहीच दिसलं नाही तर?" सुहासनं विचारलं.

"तर काहीच दिसणार न्हाई. पण तुझ्या यंत्राला मी माझी सीडी चाटू देणार न्हाई. एकदा दिलं तेवढं बास झालं."

 सुहासनं गाडीची किल्ली उचलली. "सांगलीच्या सरकारी पडताळणी केंद्रात मी सोडतो," तो म्हणाला. त्याच्याकडं एकदा निरखून बघून रत्नाक्का पूनमला घेऊन गाडीत बसल्या.

केंद्रातल्या डॉ. नाझनीन मुजावर मूळच्या मिरजेच्या. चाळिशीतल्या, बोलायला झटपट. त्यांनी हातमोजे घालून सीडी उजेडात धरली, चकत्यांचे फोटो पाहिले आणि रत्नाक्कांकडं बघून हसल्या.

"चकत्या टाकल्या नाहीत ना?"

पूनमनं पिशवीतून काढून दिल्या.

"आता नीट ऐका," मुजावर मॅडम म्हणाल्या, "म्हणजे कोर्टात कुणी काही बोललं तर तुमचा जीव घाबरा होणार नाही. कोऱ्या सीडीच्या पोटात रंगाचा पातळ थर असतो. रायटरचा लेसर त्या थराला जागोजाग भाजतो. भाजलेली जागा आणि न भाजलेली जागा, एवढीच सीडीची अक्षरं. भाकरी भाजली की तिचं पुन्हा पीठ होत नाही, तसंच हे. त्यात मागाहून कुणाला काही बदलता येत नाही. पण हा रंग म्हणजे रंगच. उन्हानं उडतो, दमटपणानं सडतो. डब्यावर शंभर वर्षं छापलेलं असायचं, आणि काही सीड्या वर्षातच जायच्या."

"व्हय, लोक भांडायला यायचे," रत्नाक्का म्हणाल्या.

"सीडी हे गृहीत धरूनच लिहिलेली असते. प्रत्येक ओळीसोबत थोडे जादा आकडे असतात. काही अक्षरं मेली, तर त्या आकड्यांवरून गणितानं ती परत काढता येतात. किती मेली, कुठं मेली, हे आमचं यंत्र मोजतं. त्याला आम्ही चुकांचा आलेख म्हणतो. आणि गंमत अशी की कोर्टाला हाच आलेख हवा असतो. चित्र खोटं करता येतं, पण तीस वर्षांचं हळूहळू म्हातारं होणं खोटं करता येत नाही. लोक भट्टीत घालून सीड्या जुन्या करतात. त्या सगळीकडून सारख्या जुन्या होतात, लगेच कळतं. ज्या सीडीत एकही चूक नाही, तिला तर आम्ही दारातूनच परत पाठवतो."

आयुष्यभर रत्नाक्कांनी सीडी खराब निघाली की गिऱ्हाइकाची माफी मागितली होती. आता ही बाई सांगत होती की खराब होणं हीच तिची साक्ष आहे. त्यांना हसावं की रडावं ते कळेना.

"मग ही चालंल?" पूनमनं विचारलं.

मुजावर मॅडमनी सीडी पुन्हा उजेडात धरली. "चकतीबाहेरचा भाग उन्हानं संपलाय. तिथलं चित्र माझं यंत्रही काढू शकणार नाही. चकतीखाली थोडं वाचतंय. सीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे सुरुवातीची काही मिनिटं. त्यात काय आहे ते मला तुम्हाला दाखवता येत नाही. सीलबंद कोर्टात जाईल."

रत्नाक्कांचा चेहरा पडला. सुरुवातीला काय असणार? टायटल! आधी गणपती, मग सनई, मग गुलाबाच्या पाकळ्यांतून गिरक्या घेत येणारी नवरानवरीची नावं. आणि शेवटी एक लाल बदाम, त्याच्या आत लग्नातला एखादा निवडक प्रसंग. तो बदाम रत्नाक्कांनी स्वतः केला होता आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. लोक तेवढा भाग पळवून थेट पंगतीवर जायचे, आपण कुठं जेवताना दिसतोय ते बघायला. सुहास शाळेत असताना मित्रांसमोर त्या बदामानं ओशाळा व्हायचा.

या लग्नाच्या बदामात त्यांनी काय घातलं होतं? कधी त्या घोड्यावरचा नवरा घालायच्या, कधी उखाणा घेणारी नवरी, कधी नुसताच आईसक्रीमचा चमचा. घरी येईपर्यंत त्या आठवत राहिल्या. काही केल्या आठवेना. पूनमला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही.

केंद्राची माणसं येऊन रायटर घेऊन गेली. त्याला सीडी वाचता येत नसली तरी त्याचं काम होतं. सीडीच्या सगळ्यात आतल्या कडेवर, चकतीच्याच आडोशाला, ती ज्या रायटरवर काढली त्याचा नंबर आपोआप लिहिलेला असतो.

सुनावणीच्या दिवशी इनामदार पांढऱ्या कपड्यांत पुढच्या बाकावर बसला होता. पूनमनं लेकीला आणलं नव्हतं. काही उलट निघालं तर पोरीनं ते बघायला नको, असं तिला वाटलं.

इनामदाराचे वकील हुशार होते. सीडी उन्हात तापवून जुनी केलेली आहे, हे त्यांनी ठासून मांडलं. जुनी कोरी सीडी मिळवायची, तिच्यावर आज हवं ते लिहायचं आणि उन्हात टाकायची, यात अवघड काय, असं त्यांनी विचारलं.

"अवघड हे, की आधी लिहिलं की आधी ऊन लागलं, ते सीडी सांगते," डॉ. मुजावर म्हणाल्या. त्यांनी चकत्या आणि फोटो न्यायाधीशबाईंसमोर ठेवले. "चकतीबाहेरचा रंग उडालाय, पण त्याखाली लेसरनं भाजल्याचे बारीक ओरखडे शिल्लक आहेत. रंग आधी उडाला असता, तर लेसरला भाजायला तिथं काही उरलंच नसतं. म्हणजे आधी लिहिलं, नंतर ऊन लागलं. ऊन लागलं तेव्हा या चकत्या जागेवर होत्या; सावलीची कड यांच्याशी तंतोतंत जुळते. आणि बाग विकली तेव्हा ही सीडी चकत्यांसकट बागेत होती, असं घेणाऱ्याचं म्हणणं आहे. त्या काळी असले व्हिडिओ बनवणारी यंत्रंच नव्हती."

बाबू मगदुमानं उभं राहून तेच सांगितलं आणि पाखरांचंही सांगायला लागला, तेव्हा त्याला बसवावं लागलं. मग रायटर पुढं आला. त्याच्या पट्टीवर इतक्या दसऱ्यांचं हळदीकुंकू बसलं होतं की नंबर वाचण्याआधी मॅडमना ते ओल्या कापसानं पुसावं लागलं होतं. नंबर जुळला.

"ठीक आहे," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "लावा."

पडद्यावर गणपती आला. सनई वाजली, जरा चिरकी. पाकळ्या उडाल्या आणि नावं गिरक्या घेत आली: चि. विक्रांत आणि चि. सौ. कां. पूनम. मागं कुणीतरी फिसकन हसलं. रत्नाक्कांनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. आता बदाम.

लाल बदाम पडद्याच्या मध्यावर फुलला आणि त्याच्या आत मुंडावळ्या बांधलेला विक्रांत इनामदार पूनमच्या गळ्यात मंगळसूत्र बांधत होता. त्याला गाठ जमत नव्हती. मागून एका बाईनं पूनमची वेणी वर उचलून धरली आणि हसत त्याला काहीतरी म्हणाली. ती इनामदाराची आई होती.

मग चित्राचे चौकोन झाले, सनई अडखळली, एकदा किंचाळली आणि पडदा काळा पडला. पुढं काही नव्हतं.

पूनमच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. सासूनं वेणी धरली होती, हे ती विसरूनच गेली होती.

वकील सावरले. "हा हास्यास्पद बदाम मूळ चित्रणात होताच हे कशावरून? अक्षयस्मृती कंपनीकडच्या याच लग्नाच्या फिल्ममध्ये असं काहीही नाही."

मागच्या बाकावरून सुहास उठला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"नाही, कारण मी तो काढला," तो म्हणाला. न्यायाधीशबाईंनी त्याला पुढं बोलावून शपथ दिली. "मी या बाईंचा मुलगा, त्या कंपनीत नोकरीला आहे. आमचं यंत्र चालू करायच्या आधी काय काय गाळायचं ते सांगावं लागतं. आईच्या सगळ्या सीड्यांसाठी मी स्वतः लिहिलं होतं: गावठी टायटल काढणे. ती सूचना कंपनीकडं अजून आहे. मागवून घ्या." मग तो वकिलांकडं वळला. "आणि वकीलसाहेब स्वतःच आत्ता म्हणाले, याच लग्नाची फिल्म. लग्न झालंच नाही, तर कंपनीकडं ती आली कुठून?"

 इनामदारानं वकिलांकडं अशी नजर टाकली की ते कागद चाळू लागले.

रत्नाक्का पोराकडं बघत होत्या. नोकरी गेली याची, हे त्यांना कळलं. त्यालाही कळलं होतं.

न्यायाधीशबाईंनी सीडी पुरावा म्हणून दाखल करून घेतली, लग्न झाल्याचं त्यावरून सिद्ध होतं असं नोंदवलं, आणि पूनमच्या घराला कुणी हात लावायचा नाही असा हुकूम दिला. उठता उठता त्यांनी पूनमला सांगितलं, "बाकीचा भाग यंत्रानं भरून बघायचा असेल, तर तुम्हाला खाजगीत तशी मुभा आहे."

"नको," पूनम म्हणाली. "एवढं खरं हाय, तेवढं बास."

बाहेर आवारात इनामदारानं तिला गाठलं. इतक्या वर्षांत तो तिच्याशी समोरासमोर बोलला नव्हता, आणि तो बोलला की ती खाली बघायची.

"अपिलात जाणार मी," तो म्हणाला. "दहा वर्षं चालवीन. तोवर ती सीडी तरी राहते का बघू. त्या डॉक्टरीणबाईच म्हणाल्या ना, तिचा रंग उडालाय."

रत्नाक्का उत्तर द्यायला पुढं सरसावल्या. पूनमनं त्यांचा हात धरून त्यांना मागं केलं आणि मान वर केली.

"तुमच्या आईनं ती उन्हात टांगली, मरावी म्हणून," ती म्हणाली. "मलाबी तिथंच ठेवलं, त्याच बागंत. ती मेली न्हाई आणि मीबी न्हाई. तुम्ही जा अपिलात. आम्ही दोघी येतो."

 पूनम त्याला वळसा घालून फाटकाकडं निघाली, आणि चालता चालताच तिनं लेकीला फोन लावला.

"हां, बाळा," ती म्हणाली. "सासरच्यांना सांग, बापाचं नाव लावा. आणि त्याच्या आधी आईचं लावा."